तिसऱ्या पट्टीवरची खूण

शाळेच्या हजेरीपटावर त्यांचं नाव वेगळंच होतं, पण हजेरीपटाबाहेर ते कुणी वापरलं नाही. मुलांचे ते आठबोटे सर. नव्याने आलेल्या एखाद्या पालकाला वाटायचं, हे आडनावच असणार. तो अदबीने म्हणायचा, "नमस्कार आठबोटे सर." सर मग मुद्दाम डावा हात पुढे करायचे. त्या हाताला करंगळी नव्हती आणि तिची शेजारीणही नव्हती. पालकाचा चेहरा पडायचा, मागची पोरं तोंड दाबून हसायची, आणि सर म्हणायचे, "मशीनने दोन मागितली, दिली. आठात भागतंय."

मास्तरकीत येण्याआधी त्यांनी अकरा वर्षं पत्र्याची झाकणं दाबणाऱ्या कारखान्यात काढली. एका छपराखाली चाळीस प्रेस मशिनी, आणि दर दोन सेकंदांना चाळीस दणके. बोटं तिथेच गेली. दुसरंही काहीतरी तिथेच जायला लागलं होतं, पण त्याचं रक्त येत नाही, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

शाळेची कार्यशाळा मागच्या अंगाला होती. पत्र्याचं छप्पर, लोखंड आवळून धरणारे चार व्हाइस, एक ड्रिल, एक ग्राइंडर आणि मूड असेल तरच चालणारा वेल्डिंगचा संच. वरच्या वर्गांतल्या पोरांना आठवड्यातून तीनदा तिथे पाठवायचे. जुन्या मास्तरांची पद्धत अशी, की प्रत्येकाने लोखंडाचा एक चौकोनी तुकडा घासून चौकोनी भोकात बसवायचा, गुण घ्यायचे आणि तुकडा भंगारात टाकायचा. आठबोटे सरांनी पहिलं वर्ष मुकाट तसंच शिकवलं. वर्षाच्या शेवटी ते तुकडे घमेल्यात भरताना त्यांचं डोकं फिरलं. "एवढं लोखंड घासलं," ते बायकोला म्हणाले, "आणि त्यातून कुणाच्या दाराची साधी कडी झाली नाही."

दुसऱ्या वर्षापासून त्यांनी पोरांना लोकांच्या दारात नेऊन बसवलं.

बसवलं म्हणजे अक्षरशः बसवलं. पहिला नियम असा, की ज्याच्यासाठी काही करायचं त्याच्याकडे तासभर जाऊन नुसतं बघत बसायचं, तोंड उघडायचं नाही. मग विचारायचं, मग मोजायचं आणि हात सगळ्यात शेवटी लावायचा. एकदा पोरांनी एका धोबिणीच्या टबासाठी लोखंडी घोडी केली होती. वेल्डिंग असं सुबक की आरशासारखं. बाईने टब ठेवला, दोन कपडे घासले आणि म्हणाली, "छान आहे रे, पण माझे खांदे कानाला लागतात." सर पोरांवर उखडले. "उभ्या बाईचं माप घेऊन आलात. काम करणाऱ्या बाईचं कोण घेणार, तुमचा मामा?" घोडी कापली, चार बोटं खाली आणली आणि पुन्हा जोडली. ती बाई पुढे बारा वर्षं त्याच घोडीवर कपडे घासत होती.

दुसरा नियम खुणेचा. ज्याने जो भाग केला, त्याने त्यावर छिन्नीने आपली खूण मारायची. कुणाची टिंबं, कुणाचा कोयता, कुणाची नुसतीच वाकडी रेघ. "लपायचं असेल त्याने सुतारकाम शिकावं," सर म्हणायचे. "तिथे पॉलिश मारलं की झालं. लोखंडाला तोंड दाखवावं लागतं." गावात आता दोनशेच्या वर कामं उभी होती आणि प्रत्येकावर कुणाची ना कुणाची खूण होती. फक्त सरांची कुठेच नव्हती. ते हात लावत नसत, तपासत. आणि तपासणाऱ्याने खूण मारायची, असा नियम त्यांनी केला नव्हता.

तिसरा नियम भाराचा. काम पुरं झालं की सगळ्या वर्गाने त्यावर चढायचं, नाहीतर लोंबकळायचं. बाक असो, पूल असो, नाहीतर कोंबड्यांचं खुराडं. एकवीस पोरं एकावर एक चढली की बघ्यांची करमणूक व्हायची आणि सरांची खात्री.

राहिली एक गोष्ट, ती नियमात नव्हती, सवयीत होती. भिंतीला काही ठोकायच्या आधी सर बोटाच्या पेराने भिंत वाजवायला लावायचे. "भिंत बोलते रे. भरीव असली तर टणक बोलते, पोकळ असली की घसा बसल्यासारखी. ऐकायला शिका."

आणि ऐकणं हेच त्यांचं स्वतःचं संपत आलं होतं.

आधी पाखरं गेली. मग कुकरची शिट्टी. मग बायकांचे आवाज पातळ झाले आणि पुरुषांचे नुसते घुमायला लागले. सर ओठ वाचायला शिकले. वर्गात पोरांच्या समोर उभं राहायची त्यांनी सवय केली, ड्रिल नीट चाललंय का हे त्याच्या अंगावर तळवा ठेवून ओळखायला लागले. शाळेत कुणाला पत्ता नव्हता. ठार बहिरा माणूस यंत्रांच्या खोलीत एकवीस पोरं सांभाळतो, हे कळलं तर दुसऱ्या दिवशी किल्ली काढून घेतील, हे त्यांना ठाऊक होतं. बहिरेपण माहीत होतं ते फक्त घरात. बायको म्हणायची, "भिंतीला कान असतात म्हणे. आपल्या घरात तेवढे भिंतीलाच आहेत." सर हसायचे. हसायचे, कारण तिचे ओठ दिसायचे.

वर्गात आणखी एकीला कळलं होतं. तिला पोरं टकटक म्हणत. हाडकुळी, सोळा वर्षांची, केसांचा घट्ट अंबाडा. जे दिसेल त्यावर पेर आपटून बघायची. टेबल, घागर, मैत्रिणीचं डोकं. तिची आई दवाखान्यात आया होती, बाप लहानपणीच गेलेला. एकदा पाण्याच्या टाकीवर काम चालू असताना सरांनी टाकी वाजवली, कान लावला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच उमटेना. टकटक समोर होती. तिने छातीजवळ मूठ वळली. सर म्हणाले, "इथपर्यंत भरलेली आहे." त्यांनी आणखी वर वाजवलं. तिने मूठ उघडून पंजा केला. सर म्हणाले, "आणि इथून पुढे पोकळ." पोरांनी वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून हे सुरू झालं. मूठ म्हणजे भरीव, पंजा म्हणजे पोकळ. यावर दोघं एकमेकांशी एक अक्षर कधी बोलले नाहीत. सरांना लाज वाटत होती, आणि तिला वाटत होतं की सरांना वाटायला नको.

त्या वर्षीचं काम दवाखान्याचं. दवाखाना रस्त्याच्या खालच्या अंगाला होता. वरून दारापर्यंत चौदा पायऱ्या, एका बाजूला उघडं, दुसऱ्या बाजूला जुनी दगडी भिंत. धरायला काही नाही. धडधाकट माणूस उतरायचा धडाधड. पण धडधाकट माणूस दवाखान्यात कशाला जाईल?

पोरं आठवडाभर पायऱ्यांच्या कडेला बसून बघत होती. त्यांना काठीवाल्या आजी सापडल्या. आजींच्या पोटरीवर न भरणारी जखम होती आणि पट्टी बदलायला त्या आठवड्यातून दोनदा यायच्या. उजव्या हातात काठी, डावा तळवा भिंतीवर. एक पायरी उतरायची, थांबायचं आणि पुढच्या पायरीला शिवी द्यायची. "मेल्या, तू अजून इथेच का?" चौदा पायऱ्या, चौदा शिव्या, एकही दोनदा नाही. पोरांना बघून त्या म्हणाल्या, "काय रे, माझं चित्र काढताय काय? काढा, पण जरा बारीक काढा."

पाइप केवढ्या जाडीचा घ्यायचा हे टकटकने शोधलं. तिने ओल्या मातीचा लांबट गोळा केला आणि आजींना म्हणाली, "आजी, हा घट्ट धरा. पडताना धराल तसा."

"पडताना कशाला धरू? पडताना देवाला धरेन."

"तो पायऱ्यांवर नसतो आजी. मातीच धरा."

आजी खळखळून हसल्या आणि त्यांनी गोळा आवळला. मातीत चार बोटं आणि अंगठा उमटला. त्या खाचेच्या मापाने पाइप आला. गोळा वाळल्यावर कार्यशाळेच्या फळीवर ठेवला होता.

कठडा म्हणजे भिंतीलगत एक लांब पाइप आणि त्याला भिंतीत धरून ठेवणाऱ्या पाच लोखंडी पट्ट्या. प्रत्येक पट्टी एकेकाला वाटून दिली होती. तिसरी, मधली, टकटकची. तिने तिच्यावर छिन्नीचे तीन घाव घालून चिमणीचा पाय काढला. ती तिची खूण.

पट्ट्या बसवायचा दिवस उजाडला तो घाईतच. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला संस्थेचे अध्यक्ष उद्घाटनाला येणार होते. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, वरच्या पायरीवर घड्याळ बघत उभ्या. पहिल्या दोन पट्ट्या बसल्या. भोकातून करडी दगडाची भुकटी आली. तिसरीच्या जागी टकटकने पेर आपटलं. पुन्हा आपटलं. मग सरांकडे तोंड करून म्हणाली, "सर, तुम्ही बघा जरा."

वरून मोठ्या बाई काहीतरी म्हणाल्या. सरांना त्यांचे ओठ दिसले. "एवढं काय बघायचंय त्यात? भिंतच आहे ना?"

सर तिसऱ्या पट्टीजवळ आले. एरवी ते उभे राहायचे टकटक समोर येईल असे. त्या दिवशी वर मोठ्या बाई होत्या, बाजूला दवाखान्याचा कंपाउंडर, खाली बाकावर पेशंट. इतक्या लोकांपुढे एका पोरीच्या हाताकडे बघत बसायचं? सरांनी तिच्याकडे पाठ केली. भिंतीला कान लावला, पेराने तीनदा वाजवलं. कानाला काही नाही. पेराला मात्र टणक लागलं, गिलावा टणकच असतो.

"भरीव आहे," ते वळता वळताच म्हणाले. "मार भोक."

टकटक क्षणभर तशीच उभी राहिली. सरांना वाटलं ड्रिलला घाबरली. "मार गं."

तिने भोक मारलं. भुकटी लाल आली. सरांनी ती बघितली. दगडाची नाही, विटेची. कुणीतरी कधीतरी तिथे भिंत फोडून काही काढलं असणार आणि भगदाड विटांच्या तुकड्यांनी बुजवून वर गिलावा फासला असणार. हे सगळं त्यांना एका दमात कळलं आणि लगेच दुसऱ्या दमात त्यांनी मनाला सांगितलं, वीट तर वीट, तीही भरीवच असते.

संध्याकाळी वर्गाने भार दिला. एकवीस पोरं पाइपवर पोट टाकून लोंबकळली. पाइप हलला नाही. वजन खाली जात होतं, पाच पट्ट्यांत वाटलं जात होतं. पण पायरीवरून तोल गेलेलं माणूस कठडा खाली दाबत नाही, स्वतःकडे ओढतं, भिंतीतून उपटल्यासारखं. आठबोटे सरांच्या वर्गाने अठरा वर्षांत सगळ्यावर चढून बघितलं होतं. ओढून कधी बघितलं नव्हतं.

सकाळी अध्यक्षांनी फीत कापली. काठीवाल्या आजी पहिल्या उतरल्या. तेरा पायऱ्या गप्प उतरल्या, शेवटच्या पायरीला म्हणाल्या, "बघ, आता तुला शिवी द्यायची गरज नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून आजी काठी घरी ठेवून यायला लागल्या.

तीन आठवडे आणि दोन दिवसांनी, सातव्या पायरीवर आजींचा पाय सरकला. त्यांनी दोन्ही हातांनी पाइप धरला. तिसरी पट्टी बोल्टांसकट भिंतीतून निघून हातात आली, पाइप वाकला आणि आजी उघड्या बाजूने खाली गेल्या. टकटकची आई दारात फरशी पुसत होती. पहिली तीच धावली. आजींच्या मुठीत अजून ती पट्टी होती.

आजी पाचव्या दिवशी गेल्या.

सर आजींच्या घरी गेले होते. आजींचा मुलगा बस चालवायचा, रुंद, कमी बोलणारा माणूस. तो ओरडला असता तर सरांना सोपं गेलं असतं. तो त्यांच्या समोर बसून सावकाश बोलला, प्रत्येक शब्द ओठांवर दिसेल असा. "सर, सहा वर्षं माझी आई त्या पायऱ्या उतरत होती. काठी, भिंत आणि शिव्या. एकदाही पडली नाही. तुम्ही काही केलं नसतं ना, तर अजून उतरत असती."

सर उठून बाहेर आले.

मग खुणेची गोष्ट बाहेर आली. निघालेली पट्टी दवाखान्याच्या टेबलावर पडून होती आणि तिच्यावर चिमणीचा पाय होता. खुणा कुणाच्या, हे गावाला ठाऊक होतं. गावानेच त्या कौतुकाने बघितल्या होत्या. "आयाच्या पोरीची पट्टी," लोक म्हणायला लागले. "पोरींच्या हातात ड्रिल देतात, दुसरं काय होणार!" दवाखान्याच्या ओसरीवर आजींची सून टकटकच्या आईला म्हणाली, "लेकीला सांग, एक जीव खाल्ला म्हणावं." आई बादली उचलून आत गेली.

टकटक शाळेत येत राहिली. कार्यशाळेत मात्र आली नाही.

मोठ्या बाईंनी सरांना खोलीत बोलावलं. नगर कचेरीतला इंजिनिअर चौकशी करून अहवाल देणार होता, त्याआधी शाळेने आपलं म्हणणं लेखी द्यायचं होतं.

"सरळ लिहा," बाई म्हणाल्या. "विद्यार्थिनीने भिंत नीट तपासली नाही. ती अल्पवयीन आहे, तिला कुणी तुरुंगात टाकत नाही. दोन दिवस लोक बोलतील. तुमच्याकडून चूक झाली असं गेलं, तर वर्ग बंद. अठरा वर्षांचा वर्ग, सर. विचार करा."

"ती पुढच्या वर्षी तंत्रनिकेतनात जाणार आहे. शाळेचा दाखला लागतो, प्रकल्पाचा."

"मग काही दुसरं शिकेल. मुलगी आहे, काही अडणार नाही."

सर कागद घेऊन घरी आले. दोन दिवस तो कोराच राहिला. तिसऱ्या दिवशी टकटकची आई दारात उभी राहिली. आत ये म्हटलं तरी आली नाही.

"सर, एवढंच सांगा. पोरीचं चुकलं का? ती काही बोलत नाही. जेवताना विचारलं तर ताटावरून उठते."

सरांना ओठ स्पष्ट दिसत होते. तरीही ते म्हणाले, "काय म्हणालात?"

आईने पुन्हा विचारलं, मोठ्याने. सर म्हणाले, "बघतो मी." ती गेली. बायको स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"आत्ता खरंच ऐकू आलं नाही, की सोयीने?"

सरांनी कोरा कागद उलटा करून ठेवला.

"आजवर तुमचं बहिरेपण मी झाकलं," ती म्हणाली. "पण त्या पोरीच्या अंगावर ते पांघरूण घालणार असाल, तर मी काढून घेणार."

चौकशी पायऱ्यांवरच झाली. इंजिनिअर तरुण, चष्मेवाला, हातात लहान हातोडी. मोठ्या बाई, कंपाउंडर, आजींचा मुलगा, खाली दारात टकटकची आई. टकटकला वर्गातून बोलावून आणलं होतं. ती सरांच्या समोर, दोन पायऱ्या खाली उभी राहिली.

"ही पट्टी कुणी बसवली?" इंजिनिअरने विचारलं.

"मी," टकटक म्हणाली.

"भिंत तपासली होती?"

तिने मान डोलावली.

"हो, पण कुणी?" त्याने सरांकडे बघितलं.

"मी वाजवून बघितली," सर म्हणाले.

"आणि?"

"भरीव आहे म्हणालो."

मोठ्या बाईंनी कपाळाला आठी घातली. इंजिनिअर भिंतीकडे वळला. भगदाडाच्या कडेपासून हातभर अंतरावर त्याने हातोडी आपटली. "सर, तुम्ही इतकी वर्षं हे शिकवताय म्हणतात. मला एक समजून घ्यायचंय. ही जागा कशी वाटते तुम्हाला? भरीव की पोकळ?" त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं, की जाणत्या कानाला चकवा बसू शकतो का. बसू शकतो असं ठरलं असतं, तर भिंत दोषी. पोरगी सुटली असती, सरही सुटले असते आणि वर्गही.

सरांनी टकटककडे बघितलं. तिने ओढणीच्या आड, छातीजवळ, मूठ वळली होती.

ती त्यांना वाचवत होती. एवढं होऊनही. सरांनी फक्त "भरीव" म्हणायचं होतं. मग इंजिनिअर दुसरीकडे ठोकणार, ती पंजा करणार, सर "पोकळ" म्हणणार. आणि जाणत्या कानाचा तो माणूस भिंतीने फसवलेला ठरणार. आयुष्यभरासाठी ती पोरगी त्यांचे कान होऊन उभी राहिली असती, आणि ते कुणाला कळलंही नसतं.

"मला ऐकू येत नाही," सर म्हणाले.

"म्हणजे? पुन्हा ठोकू?"

"ठोकून उपयोग नाही. दोन वर्षं झाली. त्या दिवशीही नव्हतं आलं. हिने मला बघायला सांगितलं होतं. मी न ऐकता भरीव म्हणालो. भुकटी लाल आली तीही बघितली. लिहा."

टकटकने मूठ सोडली.

आता कुणाला वाटेल, खरं बाहेर आलं, पोरगी सुटली. तसं झालं नाही. सरांनी आपलं बहिरेपण इतकं बेमालूम झाकलं होतं, की आता ते कुणाला पटेना. "अठरा वर्षं सगळं ऐकत होते, नेमके आत्ता बरे बहिरे झाले!" लोक म्हणाले. "पोरीसाठी मास्तरांनी अंगावर घेतलं. भला माणूस." सर कान तपासून डॉक्टरांचा कागद घेऊन आले. लोक म्हणाले, कागद काय, मिळतो. जितकं ते सांगायचे तितके ते भले ठरायचे, आणि जितके ते भले ठरायचे तितकी पोरगी दोषी. बसचालक मुलगा एकटा असा होता ज्याने विश्वास ठेवला. तो म्हणाला, "म्हणजे तुम्हाला माहीत होतं." आणि पुन्हा कधी बोलला नाही.

वर्ग बंद झाला. व्हाइस आणि ड्रिल ताडपत्रीखाली गेले. गावातली बाकीची कामं नगर कचेरीने तपासायला घेतली. धोबिणीची घोडीसुद्धा उचलून नेली. ती बाई म्हणाली, "अहो, बारा वर्षं उभी आहे," पण तिचं कोण ऐकतो? दवाखान्याच्या पायऱ्यांवरचा कठडा काढला, भोकं सिमेंटने बुजवली. माणसं पुन्हा भिंतीला तळवा लावून उतरायला लागली.

किल्ली देण्याआधी सरांनी फळीवरचा मातीचा गोळा कागदात गुंडाळला आणि आजींच्या मुलाकडे नेला. त्याने तो हातावर घेतला, आईच्या बोटांच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि परत दिला. "काय करू याचं? पाणी घाला, माती होईल." सरांनी पाणी घातलं नाही. तो घरी कपाटात आहे.

टकटकच्या आईने दवाखाना सोडला. दोघी शेजारच्या गावात मावशीकडे राहायला गेल्या. पावसाळ्याआधी सर शाळेचा दाखला घेऊन तिथे गेले. मोठ्या बाईंशी भांडून मिळवलेला, सही-शिक्क्याचा. टकटक एका खोलीत आठ बायकांच्या रांगेत शिलाई मशीनवर बसली होती. शर्टांच्या कॉलरी शिवत होती. समोर ढीग होता. तिने दाखला वाचला, घडी घातली आणि मशीनखालच्या पिशवीत ठेवला.

"अर्जाची मुदत वीस तारखेपर्यंत आहे," सर म्हणाले.

"लोखंड नको सर आता."

"तुझं चुकलं नव्हतं. मी सगळ्यांना सांगितलंय."

आजूबाजूच्या मशिनी चालू होत्या. त्या चालू आहेत हे सरांना फरशीतून पायाला कळत होतं. हल्ली सगळे त्यांच्याशी ओरडून बोलायचे. टकटकने आवाज चढवला नाही. त्यांच्याकडे नीट तोंड केलं आणि हळू बोलली, त्यांना दिसेल असं.

"सर, मी पंजा केला होता. त्या दिवशी. तुमच्या पाठीमागे. बराच वेळ तसाच धरला होता. म्हटलं, वळाल. तुम्ही वळलात, पण मला बघायच्या आधीच बोललात. मग मला वाटलं, सरांना खरंच ऐकू आलं असेल. मी हात खाली घेतला."

सरांना काहीतरी म्हणायचं होतं, पण तोवर तिने पुढची कॉलर सुईखाली सरकवली होती आणि मान खाली घातली होती. आता ती काही बोलली असती तरी त्यांना दिसलं नसतं.